करापासून घटनेपर्यंत : बोस्टन, शिरोडा आणि कणकवली

मुंबई-गोवा महामार्गाने कणकवलीत येणाऱ्याला शहराच्या मध्यावर जो चौक लागतो, त्याला अप्पासाहेब पटवर्धनांचे नाव आहे. जवळच, गडनदीच्या अंगाला, वागदे येथे त्यांचा गोपुरी आश्रम आहे. ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या माणसाच्या नावाचा चौक निवडणुकीच्या दिवसांत सभांनी, फलकांनी आणि ध्वनिवर्धकांनी गजबजून जातो. मात्र मार्च २०२२ नंतर सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेपुरता हा गजबजाट जवळजवळ चार वर्षे लांबला. मुदत संपली, निवडणूक झाली नाही आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. पंचायत समित्यांचेही तेच झाले. राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदा आणि मोठ्या महापालिका याच अवस्थेतून गेल्या, त्यामुळे सिंधुदुर्गाने वेगळी तक्रार करावी असे त्यात काही नव्हते. फारशी तक्रार कोणी केलीही नाही, आणि खरे आश्चर्य याचेच आहे.

योगायोग असा की, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला ४ जुलै २०२६ रोजी अडीचशे वर्षे पूर्ण होण्याचा काळ याच घडामोडींना लागून आला. त्या क्रांतीची शाळेतली आठवण बहुधा बोस्टनच्या बंदरात बुडवलेल्या चहापाशी थांबते. प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, ही घोषणा सर्वांना पाठ असते. तथापि चहाच्या आधी आणि नंतर काय घडले, हे पाहिल्यावर त्या इतिहासाचा कणकवलीशी असलेला संबंध ओढूनताणून जोडलेला वाटत नाही.

सात वर्षांचे युद्ध १७६३ मध्ये संपले तेव्हा इंग्लंडचा खजिना कर्जाने वाकला होता. युद्ध वसाहतींच्याही रक्षणासाठी झाले, तेव्हा वसाहतींनी खर्चाचा वाटा उचलावा, हा लंडनचा हिशेब तसा साधा होता. त्यातून १७६५ चा मुद्रांक कायदा आला. वर्तमानपत्रे, करारपत्रे, परवाने, इतकेच काय पत्त्यांचे जोडसुद्धा मुद्रांकित कागदावर असावेत, असा तो कायदा. वसाहतींच्या विधानसभांचे म्हणणे होते की, कर बसवण्याचा अधिकार आमच्या प्रतिनिधींचा. वेस्टमिन्स्टरमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही. विरोध इतका झाला की, १७६६ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. पण त्याच दिवसांत पार्लमेंटने दुसरा कायदा करून वसाहतींवर वाटेल तो कायदा लादण्याचा आपला अधिकार अबाधित असल्याचे जाहीर केले. पैसे सोडले, अधिकार सोडला नाही. पुढच्या सगळ्या भांडणाचे बीज या वाक्यात होते.

१७६५ हे वर्ष मालवणच्या किनाऱ्यालाही विसरता येण्याजोगे नाही. त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमाराने कोल्हापूरकरांकडून सिंधुदुर्ग किल्ला जिंकला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. तो पुढे तह करून परत करण्यात आला. त्याच वर्षी बंगालची दिवाणी कंपनीला मिळाली. कंपनी ज्या वेळी एका किनाऱ्यावर किल्ला घेत होती, त्याच वेळी तिचे सरकार दुसऱ्या किनाऱ्यावर मुद्रांक लादत होते. आठ वर्षांनी, १६ डिसेंबर १७७३ रोजी, बोस्टनच्या बंदरात ज्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या, त्यांतील चहाही याच कंपनीचा होता. कंपनी डबघाईला आली होती, आणि तिला सावरण्यासाठी तिचा चहा थेट वसाहतींत विकण्याची सवलत देण्यात आली होती. त्यामुळे चहा स्वस्त झाला होता, महाग नव्हे. स्वस्त चहा का बुडवला, या प्रश्नाचे उत्तर पेटीवरच्या लहानशा जकातीत होते. ती जकात मुकाट्याने भरणे म्हणजे पार्लमेंटचा अधिकार कबूल करणे, असे बोस्टनकरांना वाटत होते.

अमेरिकन युद्ध आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध ही दोन्ही १७७५ मध्येच सुरू झाली, ही गोष्ट मराठी वाचकाला फारशी सांगितली जात नाही. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच वकील पुण्यात आला आणि नाना फडणविसांनी त्याचे स्वागत केले, तेव्हा कलकत्त्याला झोप लागेना. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांची नामुष्की झाली, १७८१ मध्ये यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिस शरण गेला आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. अमेरिकेत हरलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. एका साम्राज्याच्या चोपडीत नुकसानीचे पान आणि नफ्याचे पान अशी ही लागोपाठची नोंद आहे. १८१८ पर्यंत तळकोकणातील सावंतवाडीखेरीज बहुतेक मुलूख त्या नफ्याच्या पानावर चढला होता.

चहानंतर काय घडले, ते मात्र चहापेक्षा महत्त्वाचे आहे. शिक्षा म्हणून १७७४ मध्ये पार्लमेंटने मॅसॅच्युसेट्ससाठी कायद्यांची एक मालिकाच केली. बोस्टनचे बंदर बंद झाले, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्या मालिकेत एक कायदा असा होता की, गावसभा वर्षातून एकदाच भरेल, त्याहून अधिक वेळा भरवायची तर गव्हर्नरची पूर्वपरवानगी लागेल. आणि वसाहतीचे वरिष्ठ मंडळ निवडून न येता राजाकडून नेमले जाईल. व्यापाऱ्यांचे भांडण होते तोवर आतल्या भागातला शेतकरी काहीसा अलिप्त होता. रस्ता कोठून जावा, शाळेचा मास्तर कोणी नेमावा, पट्टी किती बसवावी, हे ठरवणारी त्याची गावसभा जेव्हा काढून घेतली गेली, तेव्हा तो उठला. सप्टेंबर १७७४ मध्ये वूस्टर गावी हजारो शेतकरी गोळा झाले आणि त्यांनी सरकारी न्यायालय भरू दिले नाही. लेक्सिंग्टनला गोळी सुटली ती त्यानंतर सात महिन्यांनी. अमेरिकेचे राज्य बोस्टनच्या बंदरात जितके गेले, त्याहून अधिक गावसभांच्या दारात गेले, असे म्हणण्यास जागा आहे.

शिरोड्याच्या मिठागरांकडे याच नजरेने पाहायला हवे. मे १९३० मध्ये वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून स्वयंसेवक आले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. अप्पासाहेब पटवर्धन त्यांतले एक. जिथे समुद्र नव्हता, तिथे त्या वर्षी जंगल सत्याग्रह झाले; तळकोकणाला मात्र समुद्र दाराशी होता आणि मिठागरे पिढ्यान्‌पिढ्यांची होती. बोस्टनच्या जकातीप्रमाणेच मिठावरचा करही माणशी पाहता मोठा नव्हता. म्हणूनच सुरुवातीला काँग्रेसच्या अनेक पुढाऱ्यांना गांधीजींची ही निवड किरकोळ वाटली होती. परंतु कर ज्याच्यावर बसतो त्याला न विचारता तो बसतो, आणि ज्याला गुराढोरांनाही मीठ लागते त्याच्यावर तो सर्वांत जास्त बसतो, हे एका चिमटीत दाखवता येण्याजोगे दुसरे उदाहरण नव्हते. १९३१ मध्ये आयर्विनबरोबर वाटाघाटी चालू असताना गांधीजींनी चहाच्या पेल्यात करमुक्त मिठाची चिमूट टाकून बोस्टनची आठवण करून दिली, अशी हकिकत सांगितली जाते. करार झाला तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांना घरगुती वापरापुरते मीठ गोळा करण्याची सवलत मिळाली. इथेही पैसे सोडले, अधिकार सोडला नाही.

इथवर दोन्ही कथा समांतर चालतात. पुढे त्या फुटतात, आणि ज्या जागी फुटतात ती जागा कोकणाच्या ओळखीची आहे.

मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्याकडे स्वतःची जमीन होती. रत्नागिरी जिल्ह्यातील कुळाकडे ती नव्हती. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत उभा होता. तो सरकारचा सारा भरी आणि कुळाकडून त्याहून कितीतरी अधिक वसूल करी; शिवाय वेठ घेई. कुळाच्या दृष्टीने कर बसवणारे सरकार लंडनला नव्हते, गावातच, चौसोपी घरात होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. सत्तेवर तेव्हा काँग्रेसचेच मंत्रिमंडळ होते आणि मुख्यमंत्री होते रत्नागिरी जिल्ह्यातील बाळासाहेब खेर. विधेयक संमत झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. ज्या कायदेमंडळाला कुळाने दाद मागायची, ते निवडणाऱ्या मतदारांची यादीच मालमत्ता आणि शिक्षण यांच्या अटींनी आखूड केलेली होती. प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, या घोषणेला आंबेडकरांनी विचारलेला प्रतिप्रश्न असा होता की, प्रतिनिधित्व नेमके कोणाचे?

हा प्रश्न अमेरिकेलाही चुकला नाही. १७८६-८७ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये डॅनियल शेज या माजी सैनिकाच्या नावाने ओळखले जाणारे बंड झाले. कर आणि कर्ज यांनी गांजलेल्या शेतकऱ्यांनी पुन्हा न्यायालये बंद पाडली. फरक एवढाच की, या वेळी न्यायालये राजाची नव्हती, स्वतःच्याच स्वतंत्र राज्याची होती. राज्यांचा तत्कालीन संघ इतका दुबळा होता की, त्याला कर बसवता येत नव्हता, कर्ज फेडता येत नव्हते, बंड मोडायला सैन्य उभे करता येत नव्हते. त्या धास्तीने मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला परिषद भरली. पंचावन्न प्रतिनिधी आले, एकोणचाळीस जणांनी १७ सप्टेंबरला घटनेवर सह्या केल्या. दारे-खिडक्या बंद करून चाललेल्या त्या चर्चेतून जे निघाले, त्याची जगाने पुढे वाखाणणी केली. पण त्याच मसुद्यात गुलामांना मत न देता, लोकसंख्या मोजताना मात्र त्यांना तीनपंचमांश धरण्याची तडजोड होती. म्हणजे ज्याला प्रतिनिधी नाही, त्याच्या डोक्यांवर मालकाचा प्रतिनिधी वाढत होता. या कलमाची किंमत अमेरिकेने यादवी युद्धात मोजली.

स्वातंत्र्य आणि घटना यांच्यातले अंतर अमेरिकेत मोठे होते. जाहीरनामा १७७६ चा, नव्या घटनेखालचा पहिला अध्यक्ष १७८९ चा, नागरिकांच्या हक्कांची सनद तर १७९१ ची. भारतात संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याआधीच बसली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी तिचे काम पुरे झाले. मूलभूत हक्क नंतर जोडावे लागले नाहीत आणि मताधिकाराला मालमत्तेची अट राहिली नाही. १९५२ मध्ये कणकवलीच्या कुळाने आणि खोताने एकाच रांगेत उभे राहून मत दिले. अमेरिकेत हे घडायला पावणेदोनशे वर्षे लागली. दक्षिणेतील कृष्णवर्णीयाला मत खऱ्या अर्थाने मिळाले ते १९६५ च्या कायद्याने. याबाबतीत तुलना भारताच्या बाजूने झुकते, हे सांगताना संकोच करण्याचे कारण नाही.

घटना ही केवळ दिल्लीला घडली असेही नाही. मराठी मुलखातच औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, जानेवारी १९३९ मध्ये आपल्या संस्थानात सत्ता ग्रामपंचायतींच्या पायावर उभ्या केलेल्या मंडळाकडे सोपवली. गांधीजींचा सल्ला, राजपुत्र अप्पासाहेब पंत यांचा पुढाकार आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची साथ, अशा विलक्षण संगतीतून ती घटना झाली. संस्थान लहान होते, प्रयोग अल्पायुषी ठरला. १९४८ मध्ये औंध विलीन झाले, सावंतवाडीही त्याच वर्षी मुंबई प्रांतात आले. अमेरिकेच्या तेरा राज्यांना एकत्र यायला घटना लागली. इथे आधी विलीनीकरण झाले आणि मग घटना आली. कणकवलीचा ब्रिटिश मुलूख आणि शेजारची संस्थानी सावंतवाडी एका जिल्ह्यात नांदू लागली, आणि १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळी होऊन सिंधुदुर्ग झाली.

१९४८ मध्येच अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीला गोपुरीची स्थापना केली. स्वातंत्र्य मिळाल्यावर बहुतेक सत्याग्रही मंत्रालयाच्या किंवा मतदारसंघाच्या वाटेला लागत असताना हा गृहस्थ मेलेल्या गुरांची कातडी सोडवणे, संडासाची सोपी रचना शोधणे, मैल्याचे खत करणे, यांत गढला. यामागे जुनी हकिकत आहे. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. त्यांच्या जातीला ते काम देता येत नाही, असे तुरुंगाचे उत्तर होते. अप्पासाहेबांनी अन्न कमी केले, आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण आरंभले. सरकारला नियमाचा फेरविचार मान्य करावा लागला. घटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पण कोणते काम कोणत्या जातीचे, हे सांगणारा नियम कागदावरून काढणे आणि हातातून काढणे यांत किती अंतर आहे, ते गोपुरीच्या संडासांनी जितके दाखवले तितके भाष्यग्रंथांनी क्वचितच दाखवले असेल. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आंबेडकरांनी राजकारणातील समता आणि समाजातील विषमता यांच्या विसंगतीबद्दल जो इशारा दिला, तो या दोघांच्या मतभेदांवरूनही त्यांना जोडणारा पूल आहे.

कणकवली ज्या राजापूर लोकसभा मतदारसंघात मोडत होती, त्या मतदारसंघाने घटनेच्या इतिहासात आणखी एक पान लिहिले आहे, आणि ते फार थोड्यांच्या लक्षात आहे. वेंगुर्ल्यात जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून सलग तीनदा इथून निवडून आले. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा मतांनी निकाल दिला की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. या निकालाचा परिणाम मागे न लावता पुढच्यासाठीच लावण्याची युक्ती सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी अमेरिकन न्यायशास्त्रातून घेतली होती. नाथ पैंनी त्याच वर्षी खासगी विधेयक मांडले. घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार लोकांनी निवडलेल्या संसदेचाच आहे, असा त्यांचा आग्रह होता. विरोधी बाकांवरच्या समाजवाद्याने संसदेच्या सार्वभौमत्वासाठी असा लढा द्यावा आणि त्याच्याच काही सहकाऱ्यांनी त्याला विरोध करावा, असा तो प्रसंग होता. विधेयकावर पुष्कळ चर्चा झाली. ते संमत झाले नाही. १८ जानेवारी १९७१ रोजी नाथ पै गेले. त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने २४ वी घटनादुरुस्ती करून तेच साधले.

नाथ पैंचा तर्क निर्दोष होता. निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी निवडून आलेल्या संसदेचे हात का बांधावेत, हा प्रश्न आजही निरुत्तर करणारा आहे. पण त्यांच्या डोळ्यांसमोरची संसद ही नाथ पै ज्या संसदेत बोलत होते ती होती. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने मधला मार्ग काढला : दुरुस्ती करा, मूलभूत चौकट मोडू नका. दोनच वर्षांनी आणीबाणी आली. राजापूरचे पुढचे खासदार मधू दंडवते यांना जून १९७५ मध्ये बंगळूरला अटक झाली. अटलबिहारी वाजपेयी आणि लालकृष्ण अडवाणी हेही तिथेच पकडले गेले. संसद चालू होती, विरोधी खासदार तुरुंगात होते, आणि ३९ व्या व ४२ व्या घटनादुरुस्त्या बहुमताने संमत होत होत्या. पूर्वसूरीने ज्या अधिकाराची मागणी केली, त्याच अधिकाराचा वापर वारसदार कोठडीतून पाहत होता. १९७७ मध्ये मतदारांनी सरकार बदलले, ४४ व्या दुरुस्तीने बरेचसे नुकसान भरून काढले आणि १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालाने उरलेले. अमेरिकेत दुरुस्तीला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश आणि राज्यांपैकी तीनचतुर्थांश असा चढ असल्याने तेथे आजवर २७ दुरुस्त्या झाल्या. भारतात २०२३ पर्यंत त्यांची संख्या १०६ वर गेली होती. चढ कमी असला की कुंपण न्यायालयाला घालावे लागते. नाथ पैंना हे आवडले नसते, पण दंडवत्यांना त्याची गरज पटली असावी, असे मानायला हरकत नाही.

त्या शंभरावर दुरुस्त्यांपैकी एकीचा संबंध थेट कणकवलीच्या पंचायत समितीशी येतो. मूळ मसुद्यात ग्रामपंचायतींचा उल्लेख नव्हता. आंबेडकरांना गावगाड्याबद्दल ममत्व नव्हते, आणि खोताच्या कोकणाशी ज्याचे नाते आहे त्याला ते का नव्हते हे समजावून सांगण्याची गरज नाही. गांधीवाद्यांच्या आग्रहाने नोव्हेंबर १९४८ मध्ये के. संथानम यांची सूचना मान्य झाली आणि आजचा ४० वा अनुच्छेद आला. परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे न्यायालयात दाद मागता येणार नाही अशा जागी. महाराष्ट्राने १९६२ पासून जिल्हा परिषदा चालवल्या, त्या इतर राज्यांनी आदर्श मानल्या. पण निवडणूक कधी घ्यायची हे राज्य सरकारच्या मर्जीवर राहिले. ती मर्जी संपवण्यासाठी ७३ वी घटनादुरुस्ती झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिने पंचायतींची मुदत पाच वर्षे ठरवली, त्याहून जास्त नाही, असे स्पष्ट म्हटले, आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे असे बंधन घातले. शहरांसाठी ७४ व्या दुरुस्तीने तेच केले. २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन टाळता येण्याजोगे नाही, असा निर्वाळाही दिला.

असे असूनही चार वर्षे गेली. कारणे होती, आणि ती पोकळ नव्हती. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या राजकीय आरक्षणासाठी तिहेरी कसोटी घालून दिली. आकडेवारी गोळा करण्यासाठी आयोग नेमला गेला. मार्च २०२२ मध्ये प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारने स्वतःकडे घेतला. सरकार बदलल्यावर जागांच्या संख्येचा निर्णय पुन्हा फिरवला गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘जैसे थे’चा आदेश झाला आणि तारखांवर तारखा पडत राहिल्या. सर्वपक्षीय एकमत असे की, मागासवर्गीयांच्या आरक्षणाशिवाय निवडणूक नको. प्रतिनिधित्व नेमके कोणाचे, हाच तो १९३८ चा प्रश्न. तो रास्त आहे. पण त्याचे उत्तर मिळेपर्यंत कोणाचेच प्रतिनिधित्व नको, असा त्याचा व्यवहारातला अर्थ झाला, आणि तो सत्तेवर आलेल्या कोणत्याही पक्षाला फारसा गैरसोयीचा नव्हता. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला, आणि आरक्षण आयोगाच्या अहवालापूर्वी होते तसे ठेवावे असे सांगितले. ती मुदतही वाढवून ३१ जानेवारी २०२६ करावी लागली. नगरपालिका-नगरपंचायतींसाठी २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले, आणि सिंधुदुर्गासह बारा जिल्हा परिषदांचा कार्यक्रम जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झाला.

या चार वर्षांत ग्रामपंचायती होत्या. त्यांपैकी अनेकांच्या निवडणुका डिसेंबर २०२२ मध्ये झाल्या. म्हणजे गावाला सरपंच होता, राज्याला आमदार होता, मधले दोन मजले रिकामे होते. साकव कोणता आधी, प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध का नाही, कमी पटाची शाळा बंद करायची की चालवायची, हे प्रश्न ज्या सभागृहात विचारायचे, ते सभागृहच नव्हते. पंधराव्या वित्त आयोगाचे अनुदान निवडून आलेल्या संस्थेलाच देण्याची अट असल्याने पैशाचीही खोट आली. प्रशासक वाईट होते असे नव्हे. काही ठिकाणी कामे अधिक झपाट्याने झाली, असे सांगणारेही भेटतात. १७७४ च्या गव्हर्नरनेही कदाचित तसेच सांगितले असते. घरपट्टी, पाणीपट्टी, जमीन महसुलावरचा उपकर मात्र या काळात थांबला नाही. त्याचा विनियोग सभागृहातील चर्चेविना, प्रशासकाच्या ठरावाने होत राहिला. बोस्टनच्या भाषेत या गोष्टीला एक नाव आहे.

फरक असा की, वूस्टरच्या शेतकऱ्याला गावसभा गेल्याचे दुसऱ्या आठवड्यात जाणवले, आणि कणकवली, देवगड, वैभववाडीच्या मतदाराला पंचायत समिती गेल्याचे चार वर्षांत तितकेसे जाणवले नाही. याचे खापर मतदाराच्या उदासीनतेवर फोडणे सोपे आहे. वूस्टरची सभा पट्टी स्वतः ठरवत होती आणि स्वतः खर्च करत होती. इथली जिल्हा परिषद मुख्यतः वरून आलेल्या योजनांचे पैसे वाटते. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याजोगे २९ विषय आहेत. त्यांपैकी किती, कोणत्या पैशासह सोपवायचे, हे घटनेने राज्य विधिमंडळावर सोडले आहे. ज्या संस्थेकडे फारसे काही सोपवलेलेच नाही, ती नसल्याचे दुःख फारसे होत नाही.

नव्या सभागृहांची मुदत २०३१ मध्ये संपेल. आरक्षणाचा मूळ वाद न्यायालयाच्या अंतिम निर्णयाधीन ठेवूनच या निवडणुका घेण्याचा आदेश होता. जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरलेला आहे. तिचे आकडे आले की गटांच्या आणि गणांच्या सीमा नव्याने आखाव्या लागतील. त्या कोणी आखायच्या, राज्य निवडणूक आयोगाने की राज्य सरकारने, या मुद्द्यावरच २०२२ मध्ये गाडी अडली होती.